देखण्या ग्लावकिप्पोसचे तीनशे पेले

अथेन्सच्या कुंभारवाड्यात माझं नाव विचारलंत तर कोणी सांगू शकणार नाही. 'वेलबुट्टी कुठे बसतो?' असं विचारा, लगेच बोट दाखवतील. तेलेसियासच्या कारखान्यात, भट्टीच्या उजव्या अंगाला, जिथे धूर सगळ्यांत आधी येतो आणि सगळ्यांत शेवटी जातो, तिथे मी बावीस वर्षं बसतोय. पेला चाकावर घडवणार तेलेसियास. त्यावर वीर, घोडे आणि देव काढणार आमचे मोठे हात. वीराची तंगडी आखूड झाली किंवा घोड्याच्या पोटाखाली उगाच रान मोकळं राहिलं, की ते झाकायला मी.

पेल्याच्या दोन्ही कानांपाशी ताडपानाचे पंखे, कडेने आयव्हीचा वेल, खाली चौकोनी वळणांची पट्टी, आणि तरीही जागा उरलीच तर कमळाची कळी. माझ्या पेल्यावर माशीला बसायला जागा नसते असं लोक म्हणतात. टोमणा मारायला म्हणतात, पण मला ते ऐकायला बरं वाटतं. मोकळी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. एकदा मी झ्यूसच्या सिंहासनाच्या चारही पायांना वेल चढवला, तर तेलेसियास म्हणाला, "अरे, देवाला उठता तरी येऊ दे!" पण पेला विकला गेला. देव कसाबसा आला होता, त्याचे हात म्हणजे दोन वांगी. लोकांनी वेल पाहून घेतला.

माझा बाप खिओस बेटावरून आला. मी इथेच जन्मलो, इथल्याच मातीत हात घालून पन्नाशीला पोचलो, तरी शहराच्या लेखी मी उपराच. उपऱ्याने दरसाल राहण्याचा कर भरायचा, सणाच्या मिरवणुकीत मधाच्या पोळ्यांची परात डोक्यावर घेऊन नागरिकांच्या मागून चालायचं, आणि मतं देण्यासारखी जोखमीची कामं शहाण्या लोकांवर सोपवायची. ती शहाणी माणसं मतं कशी देतात ते पुढे येईलच.

तर पेल्यावर नाव कोणाचं येतं? एक तेलेसियासचं. पेल्याच्या बैठकीवर 'तेलेसियासने घडवला' असं मीच लिहितो, कारण त्याचं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं आहे. आणि दुसरं नाव कुणातरी बड्या घरच्या देखण्या पोराचं. ही आमच्या शहराची जुनी हौस. व्यायामशाळेत एखादं पोरगं अंगाला तेल लावून चमकायला लागलं, की आम्ही पेल्यावर लिहिणार, 'अमुक देखणा'. पोराचा बाप खूश, पोरावर लट्टू झालेले चार म्हातारे खूश, पेले खपतात. पोराला दाढी फुटली की नाव बदलायचं. साधा हिशेब.

ग्लावकिप्पोसने हा हिशेब बिघडवला. सतराव्या वर्षी तो खरोखर देखणा होता, उगाच कशाला खोटं बोला. नाक सरळ, खांदे रुंद, केस कपाळावर असे पडायचे की भाजीवाल्या बाया गिऱ्हाईक विसरायच्या. त्या साली आम्ही लिहिलं, 'ग्लावकिप्पोस देखणा'. पुढच्या सालीही लिहिलं. मग त्याला दाढी आली, पण घोड्यांचे तबेले त्याच्या बापाचे, तेलाचे घाणे त्याच्या बापाचे, आणि बाप मेल्यावर सगळं त्याचंच. तो स्वतःच कारखान्यात यायला लागला. "तेलेसियास, यंदाही माझंच नाव घाल. लोकांना सवय आहे." लोकांना सवय होती ती खरी. तेरा वर्षांनी त्याचं पोट पुढे आलं, टाळू चकाकायला लागली, सभेत उभा राहून तो शहराने कोणाशी लढावं आणि कोणाशी लढू नये हे सांगायला लागला, आणि आमच्या पेल्यांवर तो अजून देखणाच होता. पुढारी देखणा असावा लागतो असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. हरभऱ्याच्या झाडावर त्याला चढवणारे पुष्कळ होते. त्यात माझा कुंचलाही होता, हे मी कबूल करतो.

माझं दुखणं वेगळं होतं. माझा बाप चाळीस वर्षं ह्याच कारखान्यात, तेलेसियासच्या बापाकडे, पेले रंगवत होता. तो गेल्यावर दोनेक वर्षांनी मी चौकातल्या दुकानात एक सुरई पाहिली. गळ्याभोवती पाती, एक डावीकडे झुकलेली, एक उजवीकडे, मधे थेंब. मी म्हटलं, ही बाबांची. दुकानदार म्हणाला, "छे, ही तेलेसियासच्या बापाची. तळ बघ, नाव आहे." मी तळ पाहिला. नाव होतंच. मग माझ्याच मनात शंका आली, की थेंब बाबा काढायचे की त्यांच्या शेजारी बसणारा तो एकडोळ्या? मला खात्रीने सांगता येईना. पोटचा पोरगा, आणि मला सांगता येईना. त्या दिवसापासून मला एक पेला हवा होता, फक्त एक, ज्यावर लिहिलेलं असेल की हा मी रंगवला.

तेलेसियासला मी हे सहा वेळा सांगितलं. सहाही वेळा त्याने हसून माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाठ चिखलाची केली.

मग मोठा सण आला, चार वर्षांनी येणारा. ग्लावकिप्पोसने तीनशे पेल्यांची मागणी घातली. सणात सगळ्या वाड्यांना मेजवानी द्यायची, प्रत्येक पंगतीला पेले वाटायचे. पेल्यात आतल्या बाजूला, अगदी बुडाशी, त्याचं नाव. म्हणजे द्राक्षाची दारू संपली की तळातून ग्लावकिप्पोस वर यायचा.

"तीनशे पेले, पन्नास दिवस," तेलेसियास म्हणाला. "वेलबुट्टी, अक्षर तुझंच बरं. करशील ना?"

"करतो. पण तीनशे एकावा माझा."

"म्हणजे?"

"त्यावर माझं नाव. अमक्याने रंगवला. तुमचं बैठकीवर, माझं आत."

तेलेसियासने डोकं खाजवलं. "अरे, पण विकत कोण घेणार तो? तुझं नाव वाचून लोक विचारतील, हा कोण?"

"विचारू देत. तेच तर हवंय मला."

"मोठा सोकावलास की रे!" तो म्हणाला, पण दिवस पन्नासच होते आणि माझ्यासारखी अक्षरं काढणारा दुसरा हात वाड्यात नव्हता. "बरं बाबा, काढ एक. पण त्यावर तरी जरा मोकळी जागा ठेव. नाव वेलीत हरवून जाईल."

मी पन्नास दिवसांत तीनशे वेळा 'ग्लावकिप्पोस देखणा' लिहिलं. शंभराव्या वेळी मला त्याच्या नाकाचा राग आला. दोनशेव्या वेळी त्याच्या आईबापाचा. तीनशेव्याला मला काहीच वाटेनासं झालं. एकावन्नाव्या दिवशी माझा पेला घेतला. आत गोल जागा, कोरी. जन्मात पहिल्यांदा मी कोरी जागा कोरीच ठेवली आणि मधोमध माझं नाव लिहिलं. दोनदा कुंचला खाली ठेवला, दोनदा उचलला. शेवटी राहवलं नाहीच, नावाच्या शेजारी एक छोटं पान काढलं.

माझी बायको मिर्ता दुपारची भाकरी आणि कांदे घेऊन आली, तेव्हा पेला वाळायला ठेवला होता. ती वाकून बघायला लागली. आमचा रंगवायचा लेप आणि आमचा पेला एकाच मातीचे, वाळले की दोन्ही एकाच रंगाचे. भट्टीतून निघेपर्यंत आम्ही अर्धे आंधळेच असतो.

"अहो, कुठे आहे नाव? मला तर काहीच दिसत नाही."

"भाजल्यावर दिसेल. काळंभोर."

"आणि हे पान कशाला? एवढं एक नाव नुसतं ठेवता आलं नाही तुम्हाला?"

"एकटं दिसत होतं," मी म्हणालो.

ती हसली. मग पेल्याच्या काठावरून तिने बोट फिरवलं, अगदी हलकं, लेप न पुसता. "बाबांनी पाहायला हवं होतं," ती म्हणाली, आणि मी दुसरा कांदा सोलायला घेतला.

भट्टी लावली. भट्टीच्या तोंडावर दृष्ट लागू नये म्हणून बसवलेला दाढीवाला मुखवटा आहे, त्याला मी गुपचूप मधाचं बोट लावलं. सगळे पेले आधी रचले गेले, माझा शेवटी, म्हणून त्याला जागा मिळाली ती जाळाच्या तोंडाशी. मी म्हणालो, "मालक, तिथे नको." तेलेसियास म्हणाला, "मग ग्लावकिप्पोसचा एक काढून बाहेर ठेवू?" मी माझा तिथेच ठेवला. आधी मोकळा जाळ, मग ओली लाकडं घालून तोंड बंद, धूर कोंडला की लेप काळा होतो, मग पुन्हा तोंड उघडायचं. दुसऱ्या दिवशी भट्टी थंड झाली आणि आम्ही उघडली. तीनशे ग्लावकिप्पोस धडधाकट, चकचकीत, देखणे. माझा पेला चार तुकड्यांत.

"भट्टीचा कौल," तेलेसियास म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण पाठीवर थाप मारली नाही. "पुढच्या मोठ्या सणाला बघू."

चार वर्षं. मी तुकडे उचलले, नीट पाहिलेही नाहीत, कारखान्यामागच्या खापरांच्या ढिगावर भिरकावले आणि जाऊन पंखे काढायला बसलो. घरी मिर्ताने विचारलं तेव्हा तिच्यावरच ओरडलो. तिचा काय दोष होता? काहीच नव्हता.

सण झाला, पेले वाटले गेले. ग्लावकिप्पोसला वाटलं, आता शहर आपल्या खिशात. झालं उलटंच. माणूस दमूनभागून घरी येतो, दोन घोट घेतो, आणि तळातून रोज तोच. 'देखणा.' बायको म्हणते, हा टकल्या? पोरं हसतात. रोज रात्री तीनशे घरांत त्याला शिव्या पडायला लागल्या. त्यात सभेत त्याने कोळशाच्या गाड्यांवर वेशीत नवा कर बसवायची टूम काढली. आमच्या भट्टीला लाकूड-कोळसा पुरवणारा अखार्नाई गावचा द्रोमोन तेव्हापासून त्याचं नाव घेताना थुंकायचा. द्रोमोन रानात कोळसा पाडणारा, पण नागरिक, पिढीजात. त्याच्या अंगावर धुतलेली जागा शोधून सापडायची नाही आणि त्याला एक अक्षरही वाचता येत नव्हतं.

हिवाळ्यात सभेने ठरवलं, यंदा खापरांचं मतदान घ्यायचं. आमच्याकडे एखादा फार वर चढला की लोक खापरावर त्याचं नाव कोरून देतात. ज्याची खापरं जास्त, त्याने दहा दिवसांत गाव सोडायचं आणि दहा वर्षं तोंड दाखवायचं नाही. गुन्हा लागत नाही, साक्षीदार लागत नाही. फक्त खापर लागतं, आणि खापरं आमच्याकडे.

मतदानाच्या आधीचे दोन दिवस कारखान्यामागच्या ढिगावर जत्रा होती. लोक सपाट तुकडे निवडत होते, खिळ्याने कोरत होते, ज्यांना लिहिता येत नाही ते दुसऱ्याच्या पाया पडत होते. मग कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. देखण्याचा पेला फोडला की नाव आयतंच मिळतं! खिळा नको, मास्तर नको. पेला दगडावर आपटा, बुडाचा तुकडा घ्या, मत तयार. तेलेसियासकडे जुने 'ग्लावकिप्पोस देखणा' पडून होते. ते आता धडाधड खपायला लागले, आणि त्यातला एकही घरी पोचला नाही. गिऱ्हाईक पेला घ्यायचं, दोन पावलं चालायचं आणि आमच्याच उंबऱ्यावर फोडायचं. तेलेसियास रडवेला.

"अरे, निदान वळणावर जाऊन फोडा रे! माझ्या हाताचा माल आहे तो!"

"फारच देखणा माल आहे, तेलेसियास," एक गिऱ्हाईक म्हणालं. "फुटतोही देखणा."

मतदानाच्या सकाळी मी चौकाकडे निघालो. मत द्यायला नव्हे. मोजून झालेली खापरं पाटीत भरून जुन्या विहिरीच्या खड्ड्यात टाकायला दर वेळी कुंभारवाड्यातले आठ-दहा उपरे बोलावतात. वाटेत द्रोमोन भेटला, मूठ गच्च आवळलेली.

"वेलबुट्टी! बघ, मीही मत आणलं."

"कोणाकडून लिहून घेतलंस?"

"कोणाच्या पाया पडू? तुमच्याच ढिगावर सापडलं. पेल्याच्या बुडाचा तुकडा, मधोमध काळी अक्षरं. दुसरं कोणाचं असणार? तुम्ही लोक तेरा वर्षं पेल्यात एकच नाव लिहिताय."

"तेही खरंच," मी म्हणालो आणि हसलो. पुढे मतदानासाठी चौकाला घातलेल्या कुंपणात त्याला नागरिकांच्या दाराने आत सोडलं आणि मला कुंपणाच्या मागच्या बाजूला नेलं.

दुपारपर्यंत मतं पडली, मग मोजणी. आधी सगळी खापरं मोजली. सहा हजारांच्या वर भरली, म्हणजे मतदान पक्कं. मग नावाप्रमाणे ढीग लावायला बसले. तीन कारकून खाली मांडी घालून, मागे लाल झग्यातला अधिकारी उभा, आणि त्यांच्या पाठीशी पाट्या घेऊन आम्ही. ग्लावकिप्पोसचा ढीग गुडघ्याएवढा झाला, मग मांडीएवढा. त्यात निम्मे तुकडे माझ्याच अक्षरातले.

एका तरुण कारकुनाला शंका आली. "ह्यावर 'देखणा' लिहिलंय. हे विरोधात कसं धरायचं?"

"नाव आहे ना?" अधिकारी म्हणाला.

"आहे."

"मग टाक ढिगात. दहा वर्षं बाहेर राहून होऊ दे देखणा."

सगळे हसले. मीही हसलो. बावीस वर्षांत माझ्या अक्षराने एवढं मोठं काम कधी केलं नव्हतं, आणि मला जरा माज चढला होता हेही सांगून टाकतो.

मग त्याच तरुण कारकुनाने एक तुकडा उचलला, उलटा करून पाहिला, ओठ हलवले. "हे कोण आता?" तो म्हणाला, आणि त्याने माझं नाव मोठ्याने वाचलं.

घरात मिर्ता घेते ते सोडलं, तर इतकं स्पष्ट माझं नाव मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भर चौकात, अधिकाऱ्यासमोर, सगळ्या शहराच्या मधोमध. तुकड्याच्या कडेवर कोळशाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता. द्रोमोनचं मत.

"अमक्याने रंगवला, असं लिहिलंय," कारकून म्हणाला.

"काय रंगवला?"

"मला काय विचारता? एक पान आहे बाजूला."

"बापाचं नाव? वाडा कुठला?"

"काही नाही. नुसतं नाव."

दुसऱ्या कारकुनाने डोकं हलवलं. "असा नागरिक नाही कोणी. निदान नागरिकांच्या दहा जमातींतल्या एकाही जमातीत मी ऐकलेला नाही."

अधिकारी पुढे वाकला. त्याचा आवाज एकदम बदलला. "उपरा असला तर चौकशी लावावी लागेल. कोणी उपरा आत शिरून मतदानात खेळ करत असेल तर त्याला बाजारात उभा करून विकू. एकदा केलंय तसं, लोक विसरतात." त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. नजर माझ्यावरच थांबली, कारण मी सर्वांत पुढे होतो. "ए पाटीवाल्या. तू कुंभारवाड्यातला ना?"

"हो, धनी."

"ह्या नावाचा कोणी आहे का तुमच्यात?"

कारकुनाने तुकडा माझ्या तोंडासमोर धरला. भट्टी उघडली त्या दिवशी रागाच्या भरात मी अक्षरं नीट पाहिलीच नव्हती. आता पाहिली. काळीभोर, तुकतुकीत, एक रेघ हललेली नाही. पेला फुटला होता, पण चीर माझ्या नावाला वळसा घालून गेली होती. जन्मात मी ह्याहून चांगलं काही काढलेलं नाही. हे माझं आहे, मी रंगवलंय, असं ओरडावंसं वाटलं, इतकं वाटलं की दात दुखेपर्यंत मी जबडा आवळला. माझ्या शेजारी पाट्या घेऊन उभे असलेले मला बावीस वर्षं ओळखत होते. त्यांच्यातलं कोणी काही बोललं नाही. त्यांना माझं नाव माहीतच नव्हतं.

"नाही, धनी," मी म्हणालो. "असा कोणी नाही."

"तरीच," अधिकारी म्हणाला. "असता तर कधीतरी ऐकलं असतं."

कारकुनाने तुकडा माझ्या पाटीत टाकला आणि पुढचा उचलला.